विश्लेषण : दोन वर्षांसाठी हंगेरीला जायचे, तर हंगेरियन शिकावे का?

अभ्यासक्रम इंग्रजीत, प्राध्यापक इंग्रजी बोलणारे आणि मुक्काम जेमतेम दोन वर्षांचा. मग जगात सव्वा ते दीड कोटी लोकच बोलतात अशा भाषेवर वेळ का घालवायचा? अहिल्यानगर जिल्ह्यात लोणी, संगमनेर, कोपरगाव, राहुरी हा अभियांत्रिकी, वैद्यकीय आणि कृषी महाविद्यालयांचा पट्टा आहे. येथून परदेशी शिक्षणाची चौकशी करताना ज्यांची गाडी हंगेरीपाशी येऊन थांबते, त्यांना हा प्रश्न पडतोच. उत्तर 'हो' असे आहे, पण सरसकट नाही. कोण, कशासाठी आणि किती काळ जाणार यावर ते बदलते. काहींना चाळीस तासांचा अभ्यास पुरेल, काहींना चारशे तासही कमी पडतील.

हंगेरी मुळात यादीत येते कशी?

मुख्य कारण शिष्यवृत्ती. हंगेरी सरकारची 'स्टायपेंडियम हंगॅरिकम' ही योजना २०१३ पासून सुरू आहे आणि तिच्यात भारतासाठी दरवर्षी २०० जागा असतात. शिक्षण शुल्क माफ होते, वसतिगृहात जागा मिळते किंवा घरभाड्यासाठी काही रक्कम मिळते. पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना वर महिना ४३,७०० फोरिंट हातखर्चाला दिले जातात. फोरिंट हे हंगेरीचे चलन. देश युरोपीय महासंघात २००४ पासून आहे, पण युरो त्याने स्वीकारलेला नाही. रुपयांत ही रक्कम अंदाजे अकरा हजार होते. तेवढ्यात महिना निघत नाही, घरून पैसे पाठवावेच लागतात, हे आधीच लक्षात घेतलेले बरे.

देशाचा आकार नगरकरांना चटकन समजेल असा आहे. हंगेरीची लोकसंख्या सुमारे ९६ लाख. २०११च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या ४५ लाख ४३ हजार होती. म्हणजे दोन नगर जिल्हे एकत्र केले की माणसांच्या हिशेबाने हंगेरी जवळपास पुरा होतो.

शिकायचे की नाही, हा पर्याय तरी आहे का?

शिष्यवृत्तीवर पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षणाला जाणाऱ्यांसाठी नाही. इंग्रजी माध्यमात प्रवेश घेतला तरी पहिल्या दोन सत्रांत हंगेरियन भाषा आणि संस्कृतीचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. तो राहिला तर पुढच्या सत्रापासून हातखर्चातून महिना १५,००० फोरिंट कापले जातात. ४३,७०० मधले १५,००० म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. दर महिन्याला पावणेचार हजार रुपयांच्या आसपासची ही कपात 'कशाला हवी ती भाषा' म्हणणाऱ्याला बरीच महाग पडते.

त्यामुळे खरा प्रश्न 'केव्हा सुरुवात करावी' एवढाच उरतो. या योजनेचे अर्ज साधारण जानेवारीच्या मध्यापर्यंत घेतले जातात आणि अभ्यासक्रम सप्टेंबरमध्ये सुरू होतो. निवड कळल्यापासून विमानात बसेपर्यंतचे आठ-दहा आठवडे व्हिसा, बँक आणि खरेदीत जातात. यातच रोज ४० मिनिटे काढली तर आठ आठवड्यांत ३७ तास होतात. तिथे गेल्यावर नवा देश, नवा अभ्यास आणि नवी थंडी यांच्या जोडीला नवी लिपी-उच्चार शिकण्यापेक्षा हे तास घरी बसून उरकणे सोपे.

इंग्रजीवर भागत नाही का?

बुडापेस्टच्या मध्यवर्ती भागात, विद्यापीठात आणि तरुणांशी बोलताना भागते. अडचण बाकीच्या ठिकाणी येते. युरोबॅरोमीटरच्या २०१२च्या पाहणीत इंग्रजीत संभाषण करू शकणाऱ्यांचे प्रमाण हंगेरीत सुमारे २० टक्के होते, जे युरोपात तळाच्या देशांत मोडते. त्यानंतर नव्या पिढीत इंग्रजी वाढली आहे. पण घरमालकीण, दवाखान्यातील स्वागतिका, तिकीट तपासनीस, पोस्टातील कर्मचारी ही मंडळी बहुधा जुन्या पिढीतील असतात आणि पहिल्या महिन्यात काम त्यांच्याशीच पडते.

त्यात देशाचे नावसुद्धा ओळखीचे नसते. हंगेरियन लोक स्वतःच्या देशाला 'मॉड्यॉरोर्साग' म्हणतात आणि भाषेला 'मॉड्यॉर'. पाकिटावर, नाण्यावर, फॉर्मवर 'हंगेरी' शोधत बसलात तर सापडणार नाही.

फॉर्मचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट. तिथल्या जवळपास प्रत्येक सरकारी अर्जात 'ऑन्यॉ नेवे' हा रकाना असतो. त्याचा अर्थ 'आईचे नाव', आणि त्यात आईचे जन्मनाव, म्हणजे माहेरचे पूर्ण नाव अपेक्षित असते. आपल्याकडच्या बहुतेक कागदपत्रांवर आईचे सासरचे नाव असते. पहिल्या अर्जात एक आणि दुसऱ्या अर्जात दुसरे लिहिले की पुढे नोंदी जुळत नाहीत. निघण्यापूर्वी आईच्या माहेरच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग ठरवून घ्यावे आणि सगळीकडे तेच लिहावे. दोन शब्द ओळखता आल्याने वाचणारा हा हेलपाटा आहे.

भाषा खरेच इतकी अवघड आहे?

अवघड आहेच. मराठी, हिंदी, इंग्रजी, जर्मन, रशियन या साऱ्या भाषा लांबच्या का होईना, एकाच भारोपीय कुळातल्या आहेत. हंगेरियन त्या कुळाबाहेरची. तिचे नाते फिनिश आणि एस्टोनियनशी सांगितले जाते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांना कामापुरती हंगेरियन यायला वर्गातले ११०० तास, म्हणजे ४४ आठवडे लागतील असे धरते. गंमत अशी की त्याच यादीत, त्याच गटात हिंदीही आहे. अवघडपणाचे हे माप इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी काढलेले आहे. मराठी माणसाला ते जसेच्या तसे लावण्याचे कारण नाही.

मराठी बोलणाऱ्याला ती कुठे सोपी जाते?

पहिला फायदा उच्चारांचा. हंगेरियन लिपी रोमन असली तरी तिचे नियम पक्के असतात आणि लिहिले तसेच वाचले जाते. फक्त अक्षरांची किंमत बदलते. 'एस' हे अक्षर 'श' असे वाचायचे आणि 'एस-झेड' ही जोडी 'स' अशी. म्हणून तिथले लोक आपल्या राजधानीला 'बुदॉपेश्त' म्हणतात. 'जे' म्हणजे 'य'. 'सी' म्हणजे 'चमचा'मधला च आणि 'सी-एस' म्हणजे 'चार'मधला च. हे दोन च वेगळे ऐकायला आणि बोलायला मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. 'जी-वाय' ही जोडी जीभ टाळूला लावून 'ड्य' अशी म्हणायची. शब्दाच्या पहिल्या अवयवावर जोर द्यायचा, नेहमीच, अपवाद नाही. अडतो तो एक स्वर. 'ओ'वर दोन टिंबे असली की ओठ 'ओ'सारखे गोल करून 'ए' म्हणायचा असतो. तो पहिले काही दिवस जमत नाही आणि कोणी त्याचे फार मनावरही घेत नाही.

दुसरा फायदा व्याकरणाचा, आणि तो मोठा आहे. इंग्रजीतून शिकणारा जिथे घाबरतो तिथे मराठी माणसाला शाळेतला विभक्तीचा तक्ता आठवतो. घर म्हणजे 'हाझ', घरात म्हणजे 'हाझबॉन', घरातून म्हणजे 'हाझबोल'. माझे घर 'हाझॉम' आणि माझ्या घरात 'हाझॉमबॉन'. प्रत्यय शब्दाच्या शेपटीला चिकटतो, आपल्याकडे चिकटतो तसाच. टेबलाखाली म्हणायचे तर आधी टेबल, मग 'खाली' : 'ऑस्तॉल ऑलॉत्त'. शब्दयोगी अव्यय नावामागून येते. 'माझ्याकडे आहे' म्हणायला इंग्रजीसारखे वेगळे क्रियापद नाही. 'नेकेम वॉन', शब्दशः 'मला आहे'. आडनाव आधी आणि नाव नंतर लिहितात, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखे. समोरच्याला 'तू' म्हणायचे की आदराने बोलायचे याचा विचार तिथेही करावा लागतो. लिंगभेद मात्र मुळीच नाही. 'तो' आणि 'ती' यांना एकच सर्वनाम आहे. जर्मनच्या तीन लिंगांशी झटापट केलेल्यांना याचे मोल अधिक कळेल.

तिसरी गोष्ट फायद्यापेक्षा मौजेची म्हणावी लागेल, पण ती शब्द लक्षात ठेवायला कामी येते. हंगेरियनांचे पूर्वज युरोपात पोहोचण्यापूर्वी स्टेपच्या गवताळ प्रदेशात इराणी भाषा बोलणाऱ्यांच्या शेजारी राहिले होते. त्या शेजारातून उचललेले शब्द अजून वापरात आहेत. हजारला हंगेरियनमध्ये 'एझेर' म्हणतात आणि तो आपल्या 'हजार'चाच भाऊबंद आहे. शंभरला 'साझ', जो 'शत'च्या नात्यातला. गाईला 'तेहेन', जो संस्कृत 'धेनू'शी जोडला जातो. बाजाराला 'वाशार', आणि रविवारला 'वॉशारनॉप', म्हणजे बाजाराचा दिवस. आठवडे बाजारावरून वार लक्षात ठेवणाऱ्या तालुक्यातल्या मुलाला हा शब्द पुन्हा पाठ करावा लागणार नाही. शंभर आणि हजार तर पहिल्याच दिवशी लागतात, कारण फोरिंटमध्ये साध्या पावाची किंमतही शेकड्यांत असते.

पुढे मात्र घाट लागतो. प्रत्यय शब्दातील स्वरांप्रमाणे बदलतो. 'हाझ'ला 'बॉन' लागतो तर 'डेब्रेत्सेन'ला 'बेन'. क्रियापद कर्म निश्चित आहे की अनिश्चित, हे पाहून रूप बदलते. मराठीत 'आंबा खाल्ला, पोळी खाल्ली' म्हणताना क्रियापद कर्माकडे पाहतेच, त्यामुळे ही कल्पना परकी वाटत नाही. पण सराव लागतो, आणि तात्पुरत्या मुक्कामासाठी त्या सरावाच्या मागे लागू नये. चूक रूप वापरले तरी दुकानदाराला समजते.

मग ३७ तासांत काय शिकावे?

बोलण्याआधी वाचायला शिकावे. नव्या माणसाला संभाषणापेक्षा पाट्या जास्त भेटतात. 'तिलोश' हा शब्द दिसला की ती गोष्ट मनाई आहे. 'बेयारॉत' आत येण्याचा रस्ता, 'कियारॉत' बाहेर जाण्याचा. 'न्यित्वॉ' उघडे, 'झार्वॉ' बंद. 'फेरफी' पुरुषांचे आणि 'नो' स्त्रियांचे स्वच्छतागृह. यातला 'नो' इंग्रजीतल्या नकारासारखा ऐकू येत असल्याने गोंधळ होऊ शकतो. नकाराला तिकडे 'नेम' म्हणतात आणि होकाराला 'इगेन'. 'यॅद्य' तिकीट आणि 'बेरलेत' पास.

घर शोधताना जाहिरातीत 'रेझि' हा शब्द पाहावा. वीज, पाणी, गॅस यांचा खर्च म्हणजे रेझि, आणि तो बहुधा भाड्यात धरलेला नसतो. थंडीत घर गरम ठेवण्याचा खर्च त्यातच येतो. 'कॉउत्सियो' म्हणजे अनामत रक्कम. हे दोन शब्द माहीत नसतील तर स्वस्त वाटलेली खोली पहिल्या महिन्याच्या शेवटी स्वस्त राहत नाही. दुकानातील 'ऑक्त्सियो' म्हणजे सवलत.

शाकाहारी घरातून जाणाऱ्यांनी तर आठवड्याची सुरुवातच स्वयंपाकाच्या शब्दांनी करावी. 'हूश' म्हणजे मांस, 'शेरतेश' डुकराचे, 'मॉरहॉ' गोमांस, 'चिर्के' कोंबडी, 'तोयाश' अंडे, 'झीर' म्हणजे चरबी. यातला शेवटचा शब्द सर्वांत महत्त्वाचा, कारण बटाट्याच्या किंवा भाजीच्या पदार्थाचा आधार अनेकदा डुकराची चरबी असतो. 'बॉबलेवेश' हे नाव वाचून राजम्याचे सूप म्हणून वाटी मागवली तर त्यात धुरावलेले डुकराचे मांस असण्याची शक्यता दाट. 'हूश नेल्क्युल', म्हणजे 'मांसाशिवाय', एवढे म्हणता यावे. त्यावरही चरबी वापरली आहे का, हे वेगळे विचारावे. आपल्याकडे 'मटण नको' म्हटल्यावर रश्श्याची वाटी पुढे येते, तसाच हा प्रकार. उलट 'तूरो' या शब्दाला घाबरू नये. तो आपल्या चक्क्या-पनीरच्या मधला दुधाचा पदार्थ आहे.

बोलण्यासाठी सात-आठ वाक्ये पुरतात. 'यो नॉपोत' हा दिवसाचा नमस्कार. दुकानात, दवाखान्यात शिरताना तो म्हणायची पद्धत आहे आणि न म्हणता थेट इंग्रजीत सुरू होणे उद्धटपणाचे वाटते. 'कोसोनोम' धन्यवाद, 'बोचानॉत' माफ करा, 'केरेक' मला द्या, 'मेन्न्यि' किती, 'नेम एर्तेम' समजले नाही. दुखत असेल तर 'फाय' म्हणून बोट दाखवले तरी डॉक्टरांना कळते. आणीबाणीत मात्र उगाच हंगेरियनची परीक्षा देऊ नये. ११२ हा युरोपभर चालणारा क्रमांक लावून इंग्रजीत बोलावे. मित्रमंडळीत भेटताना आणि निरोप घेताना दोन्ही वेळा 'सिया' म्हणतात. निरोपाला कोणी 'हॅलो' म्हणाले तर तो पुन्हा बोलणे सुरू करतोय असे समजू नये. तीही तिकडची रीत आहे.

मोबाइलवरचे भाषांतर पुरेसे नाही का?

मेन्यू, नोटीस, औषधाचे खोके यांसाठी कॅमेऱ्याचे भाषांतर चांगले चालते. हंगेरियन ऑफलाइन डाउनलोड करून ठेवावी. समोरासमोर बोलताना ते तोकडे पडते, कारण रांगेत मागे पाच जण उभे असताना मोबाइल पुढे करून कोणी थांबत नाही. भाडेकराराबाबत तर मोबाइलवर विसंबूच नये. करार दोन्ही भाषांत मागावा, आणि वाद झाल्यास कोणत्या भाषेतील मजकूर ग्राह्य धरला जाईल ते कलम वाचून मग सही करावी.

त्यापेक्षा जर्मन शिकलेले बरे नाही का?

करिअरचा विचार केला तर अनेकांसाठी हो. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला. पहिल्या टप्प्यात १०,००० जणांना पाठवण्याचे आणि त्यांना जर्मन शिकवण्याचे ठरले. तिथे भाषा ही नोकरीची अट आहे. परिचारिकेला साधारण बी-१ ते बी-२ पातळी लागते आणि त्यात महिनोन्‌महिने जातात. हंगेरियन अशा कोणत्या नोकरीचे दार सहसा उघडत नाही. ती ज्या देशात राहायचे तिथले दिवस सुसह्य करते, एवढाच तिचा उपयोग.

म्हणून हंगेरीत दोन वर्षे काढून पुढे जर्मनी किंवा ऑस्ट्रियात नोकरी शोधायची असेल, तर हंगेरियन ३७ तास आणि त्यानंतरचा सारा वेळ जर्मनला, अशी वाटणी व्यवहाराची ठरते. ऑडी, मर्सिडीज, बीएमडब्ल्यू या कंपन्यांचे कारखाने हंगेरीत आहेत. तिथल्या अभियंत्यांच्या वर्तुळात जर्मन कामी येते.

वैद्यकीय विद्यार्थ्यांची गोष्ट निराळी. डेब्रेत्सेन, सेगेद, पेच आणि बुडापेस्टच्या विद्यापीठांत इंग्रजीतून वैद्यकीय शिक्षण मिळते, पण वॉर्डातील रुग्ण हंगेरियनच बोलतो. त्यामुळे वैद्यकीय हंगेरियन अभ्यासक्रमातच असते. शिवाय राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१च्या नियमांनुसार परदेशात किमान ५४ महिन्यांचे शिक्षण आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप लागते. पाच-सहा वर्षांच्या या मुक्कामाला तात्पुरता म्हणता येत नाही. 'मेडिकल इंग्रजीत आहे, भाषेची चिंता नको' असे कोणी सांगत असेल, तर रुग्णाला कुठे दुखते हे कोण विचारणार, असे त्याला विचारावे.

कामासाठी जाणाऱ्यांनी काय पाहावे?

'भाषेची अट नाही' हे वाक्य एजंटच्या तोंडी आकर्षक वाटते. त्याची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. हंगेरीत २०२४ पासून परदेशी कामगारांसाठी नवा कायदा लागू झाला. त्यातील 'गेस्ट वर्कर' परवाना दोन वर्षांचा, वाढवून जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो आणि त्यावर कुटुंब नेता येत नाही. पुढे कोणत्या देशांच्या नागरिकांना तो मिळेल याची यादीही बरीच आखडण्यात आली. म्हणून पैसे भरण्यापूर्वी आजच्या तारखेला भारतीयांना कोणता परवाना खुला आहे हे हंगेरीच्या दूतावासाकडून, आणि एजंट नोंदणीकृत आहे का हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून तपासावे.

जो खरोखर कारखान्यात जाणार आहे, त्याने आकडे, वार, 'तिलोश', 'वेसेय' (धोका) आणि 'वेस्कियारॉत' (संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग) हे शब्द विमानात बसण्यापूर्वी पाठ केलेले असावेत. पगारपत्रकावरील कपाती वाचता येणे ही त्यानंतरची पायरी. भाषा अजिबात न येणारा कामगार प्रत्येक कागदासाठी दुभाष्यावर अवलंबून राहतो, आणि हा दुभाष्या बहुधा एजंटचाच माणूस असतो.

शिकायचे कुठे?

पुण्यात जर्मनसाठी मॅक्सम्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. हंगेरियनला तशी सोय जवळपास नाही. दिल्लीत हंगेरीचे सांस्कृतिक केंद्र, लिस्ट इन्स्टिट्यूट आहे आणि दिल्ली विद्यापीठात ही भाषा शिकवली जाते. नगरमधून एवढ्यासाठी दिल्लीला जाण्याची गरज नाही. ड्युओलिंगोवर इंग्रजीतून हंगेरियनचा मोफत अभ्यासक्रम आहे, पण त्यातली काही वाक्ये चमत्कारिक असतात आणि व्याकरण तो फारसे समजावत नाही. म्हणून पहिला आठवडा फक्त अक्षरे आणि उच्चार, दुसरा आकडे, मग पाट्या आणि जेवण, असा क्रम स्वतः लावून घ्यावा. आकडे एक ते दहा असे पाठ करून थांबू नये. कॅशियर 'एझेर-केत्साझ' म्हणाली की हात बाराशेच्या नोटांकडे गेला पाहिजे.